टंगमर्ग ते गुलमर्ग, घसरत घसरत

श्रीनगरहून निघताना रस्ता कोरडा ठणठणीत. त्यामुळे टंगमर्गला "आपली गाडी इथंच राहील" असं सांगितलं गेलं, तेव्हा मला ती पर्यटकांना लुबाडायची नेहमीची युक्ती वाटली. पण आदल्या रात्री वर बर्फ पडला होता, आणि अशा दिवशी चाकांना साखळ्या असलेल्या गाड्याच पुढे सोडतात. गुलमर्ग इथून जेमतेम १३ किलोमीटर, पण तेवढ्यात साधारण ५०० मीटर चढायचं. मुकाट्याने सुमो केली आणि भाड्याने गमबूट घेतले.

साखळ्या फक्त मागच्या चाकांना. पुढे का नाहीत, विचारलं तर ड्रायव्हरचाचा म्हणाले, "ज़ोर तो पीछे है ना, बेटी." आणि ब्रेक? ते नुसते हसले. चढणीवर पहिला-दुसरा गिअर, एकच संथ लय, आणि वळणावर काही झालं तरी थांबायचं नाही. पुढची एक सुमो थांबली आणि फसली. चाक जागच्या जागी फिरून खालचा बर्फ घोटून गुळगुळीत करत होतं. शेवटी सगळे उतरले, उतारावरची माती खरवडून चाकाखाली टाकली, वर गोणपाट अंथरलं, तेव्हा ती हलली.

वर पोचल्यावर कळलं, ताजा बर्फ बिचारा साधा असतो. गुडघाभर रुतलात तरी हसत उठता. खरा बेरकी तो हॉटेलच्या दारातला. दिवसा छपरावरून ठिबकलेलं पाणी रात्री गोठतं आणि सकाळी रस्ता नुसता ओला दिसतो. दहा पावलांत मी दोनदा आपटले. त्यात भाड्याच्या गमबुटांचे तळवे पार झिजलेले. (घेताना उलटे करून बघा. मी फक्त माप बघितलं.)

चौसष्ट वर्षांची आई मात्र सरळ पुढे निघून गेली. तिचं बालपण राजापूरकडचं, शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्यांवरचं. "अगं, टाच काय आपटतेस? अख्खं पाऊल टेक. गुडघे सैल सोड. आणि ते हात काढ आधी खिशातून!" मग तिने पिशवीतून बाबांचे जुने लोकरी मोजे काढले आणि माझ्या गमबुटांवरून चढवले. दिसायला भयंकर, पण पाय जमीन धरायला लागले.

"इथं राख नाही का टाकत?" ती विचारतेय तोच हॉटेलचा पोरगा बुखारीतल्या, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीतल्या, राखेची बादली घेऊन आला आणि पायऱ्यांवर पसरू लागला. आईने माझ्याकडे असं बघितलं, की काश्मीरला हे तिनेच शिकवलंय.

तो चिल्लई कलानचा काळ, २१ डिसेंबरपासूनचे कडक थंडीचे ४० दिवस. चारच्या सुमारास ऊन गेलं आणि दिवसभराचा चिखल पुन्हा कडक व्हायला लागला. चाचांनी घाई केली. उतरताना पहिला गिअर, गाडीत कुणी बोलेना. आई तेवढी झोपली होती.

टंगमर्गला गमबूट परत करताना दुकानदाराने डाव्या बुटावरचा मोजा काढून माझ्या हातात दिला. उजवा वरच कुठेतरी राहिला होता.