पाच मिनिटांचा थांबा

तिसऱ्या थांब्यावर मी पाणी पिऊन, घाम पुसून, बुटाची लेस पुन्हा बांधून, वर दोन-चार फोटो काढूनही मोकळा झालो, तेव्हा कुठे मागची मंडळी वळणावर दिसली. सगळ्यांत शेवटी आमच्या टेस्टिंगच्या मॅडम. त्या जेमतेम दगडावर टेकतात तोच आमच्यातला एक जण उठला, पँट झटकली आणि म्हणाला, "चला, आले सगळे. निघू या."

मॅडम उठल्या नाहीत. आवाजही चढवला नाही, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "मी आत्ता आलेय. सकाळपासून तुमचे तीन थांबे झाले. माझा एकही नाही झाला."

उभे राहिलेले लोक उभेच राहिले. बसावं की चालावं, कुणालाच कळेना. मी टीम लीड, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी पाण्याच्या बाटलीकडे.

ट्रेकची कल्पना एचआरची. आमच्या सॉफ्टवेअरच्या टीममध्ये प्रोग्रॅम लिहिणारं डेव्हलपमेंट एकीकडे आणि त्यातल्या चुका शोधणारं टेस्टिंग दुसरीकडे असा उघड सवतासुभा होता. निघायच्या आधी एक प्रेझेंटेशनही झालं. मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये मांडलेले टप्पे त्यात होते: टीम आधी जमते, मग भांडते, मग रुळते आणि मग कामाला लागते. आमची टीम दोन वर्षं दुसऱ्या टप्प्यावर मुक्काम ठोकून होती. डोंगर चढल्याने हे मिटेल यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. शनिवार मोडणार याचाच राग जास्त होता.

सोबत आलेली ट्रेक लीडर विशी-पंचविशीतली, मोजकं बोलणारी. पायथ्याशीच तिने हिशोब मांडला. जाऊन-येऊन १२ किलोमीटर, चढ ६०० मीटर. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला एक ठोकताळा आहे: ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे साधारण साडेतीन तास. "पण हे धडधाकट माणसाचं, न थांबता चालायचं गणित झालं," ती म्हणाली. "तुम्ही सहा तास धरा. आणि अकराला जिथे असू तिथून मागे फिरायचं. शिखर हाताच्या अंतरावर असलं तरी." माना सगळ्यांनी डोलावल्या. सकाळी साडेसहाला मान डोलवायला काय जातं!

मॅडमच्या त्या वाक्यानंतर ती पुढे आली. मला वाटलं, आता सगळ्यांना झापणार. तिने फक्त विचारलं, "मघाचा तो खडक चढायला एकेकाला किती वेळ लागला असेल?" अर्धा मिनिट, कुणीतरी म्हणालं. "तुम्ही चौदा जण. पहिला चढून चालू लागला आणि शेवटचा वर पोचला, यात सहा-सात मिनिटं गेली. तेवढ्यात पहिला कितीतरी पुढे निघून गेला. मग शेवटचा काय करणार? पळणार. पुढच्या अडचणीच्या जागी पुन्हा तेच."

मी सकाळपासून मॅडमना हळू समजत होतो. खरं तर त्या दिवसभर आमच्या मागे धावत होत्या. आणि आम्ही थांबून त्यांची वाट बघत होतो तो सगळा वेळ आमचाच आराम होता. त्या पोचल्या की आराम संपला.

मग तिने सॅक तपासायला घेतल्या. मॅडमच्या सॅकमधून प्रथमोपचाराची पिशवी, जास्तीच्या दोन पाण्याच्या बाटल्या आणि सगळ्यांसाठीच्या बॅटऱ्या निघाल्या. हे सामान त्यांच्याकडे कुणी दिलं, असं तिने विचारलं. मी दिलं होतं. पायथ्याशी, "मॅडम, तुमच्या सॅकमध्ये जागा आहे ना?" म्हणून. मला तेव्हा नुसती जागा दिसली होती.

सामान आम्ही पुढच्या पाच जणांनी वाटून घेतलं. पुरती दहा मिनिटं बसलो. मग मॅडमना सगळ्यांत पुढे उभं केलं आणि नियम एकच: त्यांच्या पुढे कुणी जायचं नाही. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, दम लागून तुटलं तर वेग कमी करायचा. पहिली पंधरा मिनिटं मला भयंकर जड गेली. पाय शिवशिवत होते. समोरच्याच्या टाचेवर पाय पडेल असं वाटायचं. नंतर कधीतरी लय सापडली, आणि गंमत म्हणजे त्यानंतर आम्हाला लांबलचक थांबे घ्यावेच लागले नाहीत. रांग तुटतच नव्हती, मग वाट कुणाची बघायची? डेटाबेसवाला आणि एक टेस्टर तर एका जुन्या बगवरून, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकीवरून, चक्क हसत हसत भांडत होते. ऑफिसात याच बगवरून दोघांनी एकमेकांना सीसीमध्ये साहेबांना ठेवून मेल पाठवले होते.

अकरा वाजले तेव्हा शिखर स्वच्छ दिसत होतं. अजून अर्धा-पाऊण तास. ती थांबली, घड्याळ दाखवलं. चौघं म्हणाले, आम्ही पटकन जाऊन येतो. खरं सांगायचं तर त्या चौघांत मीही होतो. ती म्हणाली, १९९६च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर दुपारी दोनची वेळ ओलांडूनही लोक वर चढत राहिले, मग वादळ आलं आणि आठ जण गेले. "आपला डोंगर छोटा आहे. पण वेळ तुम्हीच सकाळी डोकं शांत असताना कबूल केली होती."

आम्ही फिरलो. शिखराचा फोटो नाही म्हणून एचआर नंतर जरा हिरमुसलं.

उतरताना गुडघे बोलायला लागले. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलत असतात, त्यामुळे चढापेक्षा उतारच दुसऱ्या दिवशी जास्त दुखतो. सोमवारी अर्धी टीम जिन्याने उतरताना कठड्याला धरून होती आणि त्यावरून भरपूर विनोद चालले होते. त्या विनोदांत आमचा एक सहकारी नव्हता. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून तो आला नव्हता. एचआरच्या फॉर्ममध्ये न येण्याचं कारण लिहिणं सक्तीचं होतं, तिथे त्याने "वैयक्तिक" एवढंच लिहिलेलं. टीम जोडायला निघालो आणि एकाला आम्हीच बाहेर ठेवून आलो. पुढच्या वेळी सगळ्यांना झेपेल असं काहीतरी करा, असं मी एचआरला लेखी कळवलं. अजून उत्तर नाही.

त्याच आठवड्यात रिलीजची, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर काढण्याची, मीटिंग होती. आमची पद्धत ठरलेली: रिलीज शुक्रवारी, आणि डेव्हलपमेंट हो-नाही करत गुरुवारी संध्याकाळी बिल्ड, म्हणजे तपासायला तयार झालेलं सॉफ्टवेअर, द्यायचं. मग आम्ही चहाला, टेस्टिंग रात्रभर जागं. शुक्रवारी सकाळी आमचा पहिला प्रश्न, "अजून झालं नाही?" मी नेहमीच्या सवयीने बोर्डावर "गुरुवार" लिहिलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मी आत्ता आलेय."

सगळे हसले. मग हसू विरलं. मी "गुरुवार" पुसून "मंगळवार दुपार, त्यानंतर कोडला हात लावायचा नाही" असं लिहिलं. डेव्हलपमेंटमधून कुरकुर झाली, कारण दोन फीचर पुढच्या रिलीजमध्ये ढकलावी लागली.

तीन रिलीज हे पाळलं गेलं. चौथ्याला एका क्लायंटने शेवटच्या क्षणी बदल मागितला आणि मी हो म्हणून बसलो. बिल्ड गेलं बुधवारी रात्री साडेनऊला. दहा मिनिटांनी मोबाइलवर मॅडमचा मेसेज आला: "सॅकमध्ये जागा आहे वाटतं माझ्या?"

मी लॅपटॉप पुन्हा उघडला आणि विचारलं, टेस्ट केसेसमधल्या अर्ध्या माझ्याकडे पाठवता का?