पैसा कोणाच्या हातात, वेळ कोणाचा?

कोणत्याही सरकारी योजनेची माहिती हाती आली की मी रकमेकडे नंतर बघते. आधी बघते, पैसे कोणाच्या नावावर जमा होणार आहेत. समाजशास्त्र शिकवता शिकवता लागलेली सवय. योजना आखणारे ‘कुटुंबाला मदत’ म्हणतात, जणू एकदा दारातून आत गेलं की सगळ्यांना सारखंच मिळतं. घराच्या आत कोणाचा शब्द चालतो, कोणाचे कपडे पुढच्या वर्षावर ढकलले जातात, हे मात्र त्यांच्या हिशोबात येत नाही.

ब्रिटनची गोष्ट मी वर्गात नेहमी सांगते. 1945 मध्ये तिथे कुटुंब भत्त्याचा कायदा झाला. दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येक मुलामागे आठवड्याला 5 शिलिंग. मूळ विधेयकात ही रक्कम वडिलांना मिळणार होती. खासदार एलिनॉर रॅथबोन यांनी या भत्त्यासाठी उमेदीची वर्षं घातली होती, तरी ‘आईला देणार नसाल तर मी विरोधात मत देईन’ असं त्यांनी ठणकावलं. सरकारला नमतं घ्यावं लागलं. 1946 च्या ऑगस्टमध्ये पैसे आयांच्या हातात पडू लागले, तेव्हा ते बघायला रॅथबोन नव्हत्या. त्याच वर्षी जानेवारीत त्या गेल्या.

‘आईला दिले काय, वडिलांना दिले काय, घरातच येणार ना?’ असं विद्यार्थी विचारतात. रास्त प्रश्न आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनने मुलांपोटी वडिलांना मिळणारी करसवलत काढून थेट आईला भत्ता द्यायला सुरुवात केली. पुढे अभ्यासकांनी घरखर्चाचे आकडे तपासले, तर पुरुषांच्या कपड्यांच्या मानाने बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढलेला दिसला. दक्षिण आफ्रिकेतल्या वृद्धांच्या पेन्शनचा अभ्यास अर्थतज्ज्ञ एस्तेर दुफ्लो यांनी केला. पेन्शन आजीला मिळत असेल तर नातींची वाढ सुधारलेली दिसली. आजोबांना मिळत असेल तर तसा फरक दिसला नाही.

पण आईला पैसे देणारं सरकार तिच्यावर पाळतही ठेवू शकतं. अमेरिकेत गरीब, एकट्या आयांच्या मदतीवर अनेक राज्यांनी अट घातली होती: घरी पुरुष येता कामा नये. अलाबामातल्या मिसेस सिल्व्हेस्टर स्मिथ पहाटे साडेतीनपासून दुपारी बारापर्यंत स्वयंपाकाचं आणि वाढण्याचं काम करायच्या. पदरात चार मुलं. 1966 मध्ये त्यांची मदत बंद झाली, कारण शनिवार-रविवारी एक माणूस त्यांच्याकडे येतो. तो त्या मुलांचा बाप नव्हता. त्याला स्वतःची नऊ मुलं होती. या चौघांना पोसण्याची ना त्याची ऐपत, ना त्याच्यावर कायद्याची जबाबदारी. तरी राज्याच्या लेखी तो ‘पर्यायी बाप’! 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम एकमताने मोडीत काढला, पण नियम आल्यापासून अडीच वर्षांतच अलाबामात मदत मिळणाऱ्या मुलांची संख्या सुमारे 16,000 ने घटली होती. त्या मुलांनी दिवस कसे काढले असतील, या विचारापाशी मी दर वेळी अडखळते.

आमच्या घरी प्रश्न पैशापेक्षा वेळेचा होता. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा घरी येणारा मदतनीस मिळावा म्हणून आम्ही अर्ज केला. अर्ज बघणाऱ्या बाईंनी मला विचारलं, ‘मुलगी आहे ना? मग बाहेरचं माणूस कशाला?’ भाऊ वडिलांसोबत एकाच घरात राहतो, घरूनच काम करतो. त्याच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. त्या बाई तशा भल्या होत्या. त्यांच्यापुढच्या कागदावर ‘देखभाल करू शकणारी स्त्री नातेवाईक’ असा रकानाच छापलेला होता. म्हणजे योजना आखतानाच माझे तास कोणीतरी गृहीत धरून ठेवले होते, फुकटात.

एखादी योजना घराचा भार उचलते की घरावरच टाकते, हा प्रश्न गॉस्टा एस्पिंग-अँडरसन यांच्यासारख्या अभ्यासकांनी विचारला. घरावर म्हणजे बहुतेकदा घरातल्या बाईवर, हे स्त्रीवादी अभ्यासकांनी लावून धरलं. जर्मनीने 1995 मध्ये देखभाल विमा आणला, म्हणजे म्हातारपणी किंवा आजारपणात लागणाऱ्या सेवेसाठीचा विमा. तिथे घरचंच माणूस सेवा करत असेल तर रोख रक्कम घेता येते, शिवाय सेवा करणाऱ्याच्या नावे पेन्शनचा हप्ताही भरला जातो. जपानने 2000 मध्ये असाच विमा सुरू केला, पण रोख रकमेऐवजी सेवाच पुरवायचं ठरवलं. रोख रकमेला तिथल्या स्त्रियांच्या संघटनांनीच विरोध केला होता. पैसे आले की सून अंथरुणापाशी कायमची बांधली जाईल, ही त्यांची भीती. मला ती शंभर टक्के पटते. तरी ज्या बायका आधीच बांधल्या गेल्या आहेत, त्यांच्या म्हातारपणाची तजवीज जर्मनीसारखी व्हायलाच हवी.

आणि पुरुषांचं काय? नॉर्वेने 1993 मध्ये बाळंतपणानंतरच्या रजेतले 4 आठवडे फक्त बापासाठी राखून ठेवले. त्याने घेतले नाहीत तर ते बुडाले, आईला मिळत नाहीत. त्याआधी अशी रजा घेणारे बाप अगदी मोजके होते, काही वर्षांतच बहुतेक जण घेऊ लागले. बाळासाठी जे जमलं ते आजारी आईवडिलांसाठीही करता येईल. लेकाच्या नावाची, पगारी, त्याने घेतली नाही तर वाया जाणारी रजा मला हवी आहे.