बघून कळतं का हो? (तुम्ही विचारलंत म्हणून)

मला आकड्यांचा नाद आहे हे कळलं की लोक कुठलीतरी आठ-दहा अंकी संख्या टाइप करून पाठवतात आणि विचारतात, ही मूळ संख्या आहे का, तुम्हाला तर बघूनच कळत असेल ना?

नाही हो, नाही कळत. बघून काय कळतं, तर शेवटचा अंक सम आहे का, शेवटी ५ आहे का, फार तर अंकांची बेरीज करून ३ चा भाग जातो का एवढंच. आता ही घ्या, ४,२९,४९,६७,२९७. शेवटी ७, अंकांची बेरीज ५९, म्हणजे २, ३, ५ तिन्ही बाद. दिसायला अगदी मूळ वाटते आणि फर्मासारखा गणितज्ञ इथेच फसला.

२ चा ३२ वा घात अधिक १ म्हणजे ही संख्या. ३२ च्या जागी १, २, ४, ८, १६ घातलं तर ३, ५, १७, २५७, ६५५३७ मिळतात, पाचही मूळ, म्हणून १६४० च्या सुमारास फर्माने धरून चाललं की पुढच्याही सगळ्या मूळच असणार. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने सांगितलं की हिला ६४१ ने भाग जातो, ६४१ गुणिले ६७,००,४१७. खलास. पण त्यासाठी काही २ पासून एकेक भागत बसायची गरज नाही, हिचा विभाजक ६४ ने भागल्यावर बाकी १ उरणाराच असावा लागतो (हे त्यानेच पुढे सिद्ध केलं), म्हणजे तपासायच्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग लगेच ६४१, पाचव्या प्रयत्नात सापडली! फर्माने हे केलं असतं तर... जाऊ दे.

अजून एक पुरावा मला जास्त आवडतो. ४ ने भागून १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच प्रकारे लिहिता येते. ही दोन प्रकारे येते, ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग, आणि ६२२६४ चा वर्ग अधिक २०४४९ चा वर्ग. म्हणजे अवयव न शोधताही चोरी पकडली.

बाकी लेबलं पटापट सांगते, दोनच मूळ अवयव म्हणून अर्धमूळ, स्वतः सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज तिच्याएवढी नाही, फारच कमी, म्हणून परिपूर्ण नाही, अंकांच्या बेरजेने भाग जात नाही म्हणून हर्षदही नाही (हे शेवटचं लेबल आपण संख्या दशमान पद्धतीत लिहितो म्हणून, संख्येचा त्यात दोष नाही). आणि २ हा पाया घेऊन फर्माचीच मूळ संख्येची कसोटी लावली (२ च्या त्या संख्येएवढ्या घातातून २ वजा करून त्या संख्येने भाग जातो का बघायचं) तर ही बिनधास्त पास होते, म्हणून स्यूडोप्राइम सुद्धा, म्हणजे मूळ नसून कसोटीत मूळ ठरणारी!

हिच्यातून २ वजा करा, ४,२९,४९,६७,२९५ येते, तो वरच्या पाचही मूळ संख्यांचा गुणाकार आहे, ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. ही मूळ नाही हे मात्र बघून कळतं, शेवटी ५ आहे ना.