शिवारपटाला आलेले पोट आणि लुगड्याचा काठ

गावातल्या आम्ही बाया जुन्या कापडाच्या ठिगळांचे चौकोन शिवून आमच्या शिवाराचा एक भिंतीवरचा पट करतो आहोत. मागच्या नोंदीत त्याचे सोळाही चौकोन जोडून झाल्याचे मी मोठ्या आनंदाने कळवले होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो पट समाजमंदिराच्या भिंतीवर पहिल्यांदाच टांगला, आणि सतरंजीवर पसरलेला असताना कोणाच्याही नजरेस न आलेला दोष सगळ्यांना एकदम दिसला. मधल्या चार चौकोनांत ओंजळभर फुगवटा आला होता आणि उजवी कड आत ओढली गेली होती. "हे तं पोट काढून राह्यलं ना बाई," असे शेजारच्या काकू म्हणाल्या आणि दोन महिन्यांचे काम आम्ही गुमान खाली उतरवले.

तेव्हापासूनचे बारा दिवस या एकाच फुगवट्यात गेले आहेत. पहिल्या रात्री पट ओला करून बाजेला चहूबाजूंनी ताणून बांधला. सकाळी तो ताठ दिसला, पण टांगल्यावर तासाभरात पोट पुन्हा तिथेच आले. मग कोळशाच्या इस्त्रीने दाबून पाहिले, तर फुगवट्याच्या जागी दोन कायमच्या चुण्या बसल्या. तिसरा उपाय म्हणून मागच्या बाजूने बारीक चिमटे घेऊन जास्तीचे कापड आत दडपले. तिथे कापडाचे आठ पदर झाले, दोन सुया मोडल्या, शेवटी दाभण वापरावा लागला आणि समोरून ती जागा जखमेच्या व्रणासारखी दिसू लागली. ते चिमटे मी त्याच संध्याकाळी उसवले.

उसवताना एकेक चौकोन मोजपट्टीखाली घातला, हे खरे तर जोडण्यापूर्वीच करायला हवे होते. सगळे चौकोन १८ इंचांचे बेतले होते. शिवून आल्यावर सर्वांत मोठा पावणेअठरा भरला आणि सर्वांत लहान पावणेसतरा. अकरा घरांतले अकरा हात, त्यामुळे प्रत्येकीच्या धावदोऱ्याची ओढ वेगळी. आमच्यातल्या सर्वांत वयस्कर आजींचा चौकोन हातात घेतला की हे लगेच कळते : जवसाच्या दाण्याएवढा टाका, दोन ओळींत जेमतेम अर्ध्या बोटाचे अंतर आणि हात फिरवला तर कापड नांगरलेल्या वावरासारखे सरींचे लागते. इतक्या दाट शिवणीने कापड आत ओढले जाणारच. त्यांच्या शेजारचा चौकोन एका नव्या सुनेचा, दोन-दोन बोटांवर ओळी घातलेला, तो जवळपास बेतल्याएवढाच राहिला होता. मी मात्र दोघींच्या कडा जबरदस्तीने सारख्या करून जोडल्या, आणि उरलेली ढील जायला दुसरी वाट नसल्याने ती मध्यभागी साचली.

दुसरी चूकही माझीच निघाली. कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया त्यांची कवंदी, म्हणजे ठिगळांची गोधडी, कडेपासून फेर धरत मध्याकडे शिवत जातात, आणि ती रीत मनापासून आवडल्यामुळे आमच्या चौकोनांसाठीही मी तीच सांगितली होती. त्या बायका ठिगळे पुढे पुढे लावत जातात, त्यामुळे ढील हाताखालीच जिरते; आमची ठिगळे मात्र आधीच कच्च्या दोऱ्याने पक्की बसवलेली असल्याने फेरागणिक सगळी ढील आत सरकत गेली. शिवाय चार चौकोनांत ठिगळे तिरपी कापलेली सापडली, आणि तिरपे कापड ओढले की लांबते.

उत्तर मिळाले ते चिंध्यांच्या गाठोड्यात. नऊवारी लुगड्याचे अंग विरून जाळी होते, पण काठ शेवटपर्यंत टिकतो, कारण काठात उभे धागे दाट बसवलेले असतात. एक जुना लाल काठ मी लांबीकडून जीव लावून ओढला, तो तसूभरही वाढला नाही. त्याच रात्री दोन चौकोन सोडवून मध्ये काठाची पट्टी घातली आणि सकाळी खुंटीला टांगले, तर जोड भिंतीला सपाट टेकलेला होता. तो मी किती वेळ पाहत राहिले असेन, ते सांगता येणार नाही!

प्रथम बेत असा होता की सर्व पट्ट्या दोन इंची घ्यायच्या आणि चौकोन कापून सारखे करायचे. पण कापले तर धावदोऱ्याच्या गाठी जातात आणि आजींची शिवण कडेने सुटते. ही अडचण त्यांना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "कोनाच्या वावराचे धुरे सारके रायते बाई?" पट शिवाराचाच आहे, कापसाचे पांढरे आणि तुरीचे पिवळे तुकडे त्यात आहेतच, तेव्हा लहान चौकोनाभोवती रुंद काठ आणि मोठ्याभोवती अरुंद काठ लावून धुरे, म्हणजे शेताचे बांध, करायचे ठरले आहे. चौकोन आता कापायचे नाहीत.

दोऱ्याबद्दल एक सांगते. तालुक्याच्या दुकानदाराने पक्का म्हणून दिलेला पॉलिस्टरचा दोरा विरलेल्या सुती कापडाला कापत जातो. दोन ठिगळांना त्याने ओळीने भोके पाडली. पीळदार सुती दोरा मेणावरून ओढून घेतला की गुंतत नाही आणि कापडही सांभाळतो. त्यापलीकडे महागड्या दोऱ्याची मला तरी गरज वाटत नाही.

हे लिहिता लिहिताच एक सुचले : उभे धुरे तुकड्यांनी न जोडता वरपासून खालपर्यंत अखंड काठाचे ठेवले आणि वरच्या टोकांना वळवून बांबू ओवण्यापुरते नाके केले, तर पटाचा भार काठच पेलतील आणि चौकोनांवर ताण येणार नाही. त्यासाठी साडेसहा फुटी अखंड काठ पाच लागतील. माझ्याकडे तीन आहेत. उद्या निंदणाहून बाया परतल्या की उरलेल्या दोन काठांसाठी घरोघरी पेट्या उघडायला सांगणार आहे, कारण वेचणी सुरू झाली की सुई हातात धरायला कोणालाही सवड राहणार नाही. तोवर पाच चौकोन सोडवून झाले आहेत, अकरा बाकी आहेत.