भक्ती बर्वे आणि झाडीपट्टीतल्या मुली

आज पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या गावी, मंडईच्या (दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या) नाटकात पहिल्यांदाच भूमिका करणाऱ्या मुलींसमोर भक्ती बर्वे यांच्याविषयी बोलण्याचा योग आला. १९४८ साली सांगलीत जन्मलेल्या या अभिनेत्रीची सुरुवात सुधा करमरकरांच्या बालनाट्यांतून झाली. दूरदर्शनवर त्यांनी बातम्याही वाचल्या. ‘जाने भी दो यारो’ या चित्रपटामुळे त्या देशभर माहीत झाल्या, पण त्यांचे खरे घर रंगभूमीच होते.

१९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ आले. पु. ल. देशपांडे यांनी बर्नार्ड शॉ यांच्या नाटकावरून घडवलेल्या मंजुळेला रांगड्या बोलीपासून प्रमाण भाषेपर्यंत नेताना भक्तीताईंनी तिचा ताठा कुठेही हरवू दिला नाही, आणि माझ्या मते वृत्तनिवेदिकेची उच्चारशिस्त त्यांना तिथे फार उपयोगी पडली असावी. मोबाईलवर तिचे गाजलेले स्वगत ऐकवल्यावर एका मुलीने विचारले, “सर, मोठं व्हायले आपली बोली सोडाच लागते का जी?” मी म्हणालो, स्वगत पुन्हा ऐक; तिथे मंजुळा आपल्याच बोलीत बोलते, आणि टाळ्या तिथेच पडतात.

१९९० मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १२ फेब्रुवारी २००१ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील अपघातात त्या गेल्या, हे ऐकून मुली हळहळल्या.

आता त्यांना आपल्या नाटकातला एक प्रवेश झाडीबोलीत करून पाहायचा आहे. मंडई तोंडावर आल्याने दिग्दर्शक मात्र कुरकुरत आहेत.