घरच्या कॉम्प्युटरसाठी परवडणारी एसएसडी निवडली, माझा अनुभव

घरचा डेस्कटॉप इतका स्लो झाला होता की घरात सगळे म्हणायला लागले आता नवीनच घेऊया. मी म्हटलं थांबा, आधी बघू तरी अडतंय कुठे. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर निवांत, रॅम अर्धी रिकामी, आणि डिस्क मात्र १०० टक्के! तिथेच खाली स्पीड बघितला तर सेकंदाला जेमतेम १-२ एमबी. म्हणजे डिस्क पूर्ण दमलेली आणि काम एवढंसं. कारण हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते, तिच्यावरून हेड इकडून तिकडे न्यायला दरवेळी साधारण १० मिलिसेकंद जातात, आणि विंडोज चालू होताना तर हजारो बारीकसारीक फायली वेगवेगळ्या जागेवरून मागत असतं. एसएसडीत, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, हलणारं काही नसतंच, त्यामुळे खरा फरक पडतो तो इथे, मोठ्या फायली कॉपी करण्यात नाही.

मग पहिलं काम म्हणजे आपल्या मशीनमध्ये बसतं काय ते बघणं. कॅबिनेट उघडून मदरबोर्डवर छापलेला मॉडेल नंबर घेतला आणि कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवलं. हे प्लीज करा, अंदाजाने ऑर्डर देऊ नका. बोर्डवर एम डॉट टू स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी थेट बोर्डवर बसवायची खाच) दिसला की लोकांना वाटतं एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगवान प्रकारची एसएसडी, चालणारच, पण एम डॉट टू हा फक्त आकार आहे, २२८० लिहिलं असेल तर २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब एवढाच त्याचा अर्थ. आतून तो सॅटा (हार्ड डिस्क जोडतात तीच जुनी, हळू पद्धत) असू शकतो किंवा एनव्हीएमई. माझ्या बोर्डाचा स्लॉट मॅन्युअलप्रमाणे फक्त सॅटाचा निघाला, वर तो वापरला तर एक सॅटा पोर्ट बंद पडणार होता. म्हणून मी सरळ अडीच इंची सॅटा एसएसडी घ्यायचं ठरवलं.

आता बॉक्सवरचा स्पीड. सॅटाची मर्यादाच सेकंदाला ६ गिगाबिट आहे, त्यामुळे स्वस्त असो की महाग, प्रत्येक बॉक्सवर ५००-५५० एमबी लिहिलेलं असतं, त्या आकड्यावरून निवड होऊच शकत नाही. एनव्हीएमईवर ३५०० किंवा ७००० दिसतं आणि मन चाळवतं, पण विंडोज बूट होणं, ब्राउझर, ऑफिसच्या फायली यात सॅटा एसएसडी आणि एनव्हीएमई यातला फरक फारसा जाणवत नाही. व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर गोष्ट वेगळी. ते पैसे जास्त जीबीवर घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी पारख आतल्या चिपची. टीएलसी म्हणजे एका सेलमध्ये (डेटा साठवणाऱ्या बारीक कप्प्यात) ३ बिट, क्यूएलसी म्हणजे ४. जास्त बिट कोंबले की ड्राइव्ह स्वस्त होते पण लिहायला हळू आणि झिजायला लवकर. हे लपवायला ड्राइव्ह थोडी जागा एक-बिट पद्धतीने वापरते आणि आधी तिथे लिहिते, त्यामुळे सुरुवातीला सगळं सुसाट वाटतं, आणि ती जागा भरली की धाडकन स्पीड पडतो. सॅमसंग ८७० क्यूव्हीओ, १ टीबीचं मॉडेल घ्या, कंपनीनेच स्पेकशीटमध्ये दिलंय की ४२ जीबीपर्यंतची ती कॅशे संपली की लिहिण्याचा स्पीड ८० एमबीवर येतो, म्हणजे बऱ्याच हार्ड डिस्कपेक्षाही कमी! रोजच्या वापरात कोणी सलग एवढं लिहीत नाही हे खरं, पण सगळे फोटो-व्हिडिओ एकदम टाकायला बसलात की नक्की कळतं.

दुसरं म्हणजे डीरॅम, ड्राइव्हमधलीच छोटी वेगवान मेमरी. कुठला डेटा कुठे ठेवलाय याचा नकाशा ड्राइव्हला सतत लागतो, डीरॅम असेल तर तो तिथे राहतो. डीरॅम नसलेल्या एनव्हीएमई कॉम्प्युटरच्या रॅममधून थोडी जागा उसनी घेऊ शकतात, सॅटाला ती सोय नाही, म्हणून सॅटात डीरॅम बघून घ्यावं. क्रूशियलच्या एमएक्स५०० मध्ये डीरॅम आहे, बीएक्स५०० मध्ये नाही, वॉरंटी पण ५ वर्षं विरुद्ध ३ वर्षं. मी एमएक्स५००, ५०० जीबी घेतली. छोटी १२० ची नाहीच घेतली कारण ड्राइव्ह काठोकाठ भरली की ती मंदावते.

टीबीडब्ल्यूची, म्हणजे ड्राइव्हवर एकूण किती टेराबाइट लिहिता येईल त्या हमीच्या आकड्याची, भीती मात्र उगाच घालतात. माझ्या ड्राइव्हला १८० टीबी लिहिण्याची हमी आहे, रोज २० जीबी लिहिलं तरी वर्षाला ७.३ टीबी, म्हणजे २४ वर्षं.

बसवणं सोपं आहे, सॅटा केबल, पॉवर सप्लायची केबल आणि स्क्रू. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) सॅटाचा मोड एएचसीआय, म्हणजे सॅटा ड्राइव्ह चालवायची नेहमीची पद्धत, आहे ना ते बघितलं. जुनी डिस्क १ टीबीची होती, ती छोट्या ड्राइव्हवर क्लोन (जशीच्या तशी नक्कल) करत बसण्यापेक्षा मी विंडोज नव्याने टाकलं. इथे एक गोष्ट आवर्जून करा, इन्स्टॉल करताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा, नाहीतर विंडोज बूटची फाइल त्याच जुन्या डिस्कवर टाकू शकतं आणि पुढे ती डिस्क काढली की मशीन चालूच होत नाही.

ड्राइव्ह ४६५ जीबी दिसली तर घाबरू नका, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्हची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेल्थ १०० टक्के आणि एकूण लिहिलेला डेटा अगदी थोडा दिसला, म्हणजे माल नवाच आहे हे कळलं. डीफ्रॅग (विखुरलेल्या फायली डिस्कवर एकत्र लावणं) करायची गरज नाही, विंडोज स्वतःच ट्रिम चालवतं, म्हणजे डिलीट केलेल्या फायलींची जागा मोकळी झाल्याचं ड्राइव्हला कळवतं. पण त्या ट्रिममुळेच एसएसडीवरून डिलीट झालेली फाइल सहसा परत मिळत नाही, त्यामुळे फोटो आणि कागदपत्रं मी जुन्या हार्ड डिस्कवर आणि शिवाय एका बाहेरच्या डिस्कवर, अशी दोन ठिकाणी ठेवतो.