दोघांच्या नावावरचं गृहकर्ज आणि घटस्फोट: माझा अनुभव

परस्पर संमतीनं वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा आमच्यात भांडण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. मूल नव्हतं, पोटगी मी मागितली नव्हती. प्रश्न होता तो फ्लॅटचा, आणि त्याहून जास्त त्यावरच्या कर्जाचा. दोघं सहमालक, दोघं सहकर्जदार. फ्लॅट नवऱ्यानं ठेवायचा, पुढचे हप्ते त्यानं भरायचे, मी घातलेले पैसे त्यानं मला परत करायचे, एवढं तोंडी ठरायला एक संध्याकाळ पुरली. तेच कागदोपत्री पार पडायला किती खटपट करावी लागली ते इथे लिहितेय, कारण मला त्या वेळी असं सविस्तर वाचायला कुठे मिळालं नव्हतं.

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "कोर्टाचा हुकूमनामा तुम्हा दोघांना लागू होतो. बँक या प्रकरणात पक्षकारच नाही, त्यामुळे तिच्यावर तो बंधनकारक नाही." १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे अनेकांनी मिळून कबूल केलेलं देणं धनको त्यांच्यापैकी कुणाही एकाकडून पूर्णच्या पूर्ण मागू शकतो. अर्धं त्याचं, अर्धं माझं हा हिशेब आमच्या घरातला. बँकेच्या दप्तरी मी अख्ख्या कर्जाची देणेकरी होते, आणि ‘यापुढचे हप्ते पती भरेल’ असं न्यायाधीशांसमोर लिहून दिलं तरी त्यात फरक पडणार नव्हता.

म्हणून सुरुवात केली ती आपल्या नावावर नेमकं काय काय आहे हे शोधण्यापासून. आपल्याकडे सगळे ‘सिबिल’ म्हणतात, पण क्रेडिटची माहिती ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीनं कॅलेंडर वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून लागू आहे. मी चारही अहवाल काढले आणि स्कोअरचा आकडा बाजूला ठेवून एकेक खातं वाचलं. प्रत्येक खात्यासमोर तुमचं त्याच्याशी नातं काय ते लिहिलेलं असतं: स्वतःचं, संयुक्त, जामीनदार, की क्रेडिट कार्डाचे अधिकृत वापरकर्ते.

गृहकर्ज ‘संयुक्त’ म्हणून होतंच. त्याखाली त्याचं गाडीचं कर्ज होतं, आणि तिथे मी ‘जामीनदार’ होते. गाडी घेताना शोरूममध्ये दोघांच्या सह्या घेतल्या होत्या एवढं आठवत होतं, पण ते अजून चालू आहे हे आमच्या बोलण्यात कधीच आलं नव्हतं. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, हे त्याच कायद्याचं कलम १२८. घटस्फोटाच्या वाटाघाटीत ‘गाडी त्याची’ म्हणून हा विषय एका ओळीत संपला असता आणि ते कर्ज माझ्या मागे राहिलं असतं. अहवाल पुढ्यात ठेवल्याशिवाय वाटणीच्या चर्चेला बसूच नये असं मला मनापासून वाटतं.

माझ्या क्रेडिट कार्डावर त्याचं अ‍ॅड-ऑन कार्ड होतं. ते मी त्याला सांगून बंद केलं. अ‍ॅड-ऑनवरचा सगळा खर्च मुख्य कार्डधारकाच्या अंगावर येतो, मग खरेदी कुणीही केलेली असो.

संमतीच्या अटी लिहिताना वकीलबाईंनी ‘पती कर्ज फेडेल’ हे वाक्य खोडलं. त्याऐवजी आलं ते असं: गृहकर्ज पतीनं स्वतःच्या एकट्याच्या नावावर करून घ्यायचं किंवा दुसऱ्या बँकेकडे न्यायचं, गाडीचं कर्ज मुदतीपूर्वी फेडायचं, दोन्हींची ‘नो ड्यूज’ पत्रं, म्हणजे काही देणं उरलं नाही अशी बँकेची पत्रं, घटस्फोटाच्या दुसऱ्या, शेवटच्या अर्जाच्या सुनावणीआधी पत्नीच्या हाती द्यायची, तोवर एखादा हप्ता पत्नीला भरावा लागला तर ती रक्कम त्यानं परत करायची. शेवटचं कलम नुकसानभरपाईचं. त्या कलमामुळे बँक आपल्याला सोडत नाही, पण नवऱ्याकडून पैसे वसूल करायला आधार मिळतो. एवढाच त्याचा उपयोग, पण तो असावा.

तारखांचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली, म्हणजे परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी, पहिला अर्ज केल्यावर दुसऱ्यासाठी सहा महिने थांबावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलं की ही मुदत माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे, त्यामुळे हल्ली बरेच जण माफीचा अर्ज देतात. आम्हीही देणार होतो. वकीलबाईंनी थांबवलं. "हे सहा महिने तुमच्या कर्जासाठी वापरा. हुकूमनामा हातात पडला की समोरच्याची घाई संपते." तेव्हा मला ते जड गेलं, कारण मला लवकर मोकळं व्हायचं होतं. आज सांगते, सहकर्ज असेल तर ही मुदत माफ करून घेऊ नका. संमती कायम आहे का हे कोर्ट दुसऱ्या अर्जाच्या वेळी पुन्हा विचारतं, आणि तोवर दोघांनाही काम पुरं करण्याची गरज असते.

मग बँक. शाखेतल्या अधिकारी बाई चांगल्या होत्या, पण त्यांचं उत्तर ठाम होतं. "मॅडम, नाव असं कमी करता येत नाही. कर्ज देताना दोघांचं उत्पन्न धरलंय. सरांच्या एकट्याच्या उत्पन्नावर बसत असेल तर नव्याने प्रपोजल करावं लागेल." म्हणजे त्याच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म सोळा, नवं मूल्यांकन, सगळं पहिल्यापासून. प्रपोजल गेलं आणि नामंजूर झालं. पगारातून गाडीचा हप्ता वजा केल्यावर गृहकर्जाचा हप्ता एकट्याला झेपणारा दिसत नव्हता. अखेर त्याच्या वडिलांनी मदत केली आणि गाडीचं कर्ज आधी फिटलं. माझा जामीनही सुटला आणि त्याची पात्रताही वाढली. दोन्ही कर्जांचा एकत्र विचार केला नसता तर आम्ही गृहकर्जावरच अडकून बसलो असतो.

त्यानंतर दुसऱ्या एका बँकेनं कर्ज त्याच्या एकट्याच्या नावानं घ्यायची तयारी दाखवली. मला हा मार्ग नाव कमी करण्यापेक्षा बरा वाटला, कारण यात जुनं कर्ज पूर्ण बंद होतं आणि माझ्या अहवालात ते ‘बंद’ म्हणूनच दिसतं. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, त्यामुळे तो खर्च नव्हता.

या मधल्या काळातच एक हप्ता चुकला. हप्ता पूर्वी आमच्या जॉइंट खात्यातून जायचा. ते खातं बंद करायचं म्हणून नॅच मँडेट (हप्ता खात्यातून आपोआप कापायची बँकेला दिलेली परवानगी) त्याच्या खात्यावर वळवलं, आणि त्या महिन्यात त्याच्या खात्यात पैसे कमी पडले. मला कळलं ते माझा मोबाइल नंबर कर्जखात्याला जोडलेला राहू दिला होता म्हणून. नातं संपलं म्हणून नंबर काढून टाकू नका, कर्ज आहे तोवर मेसेज आपल्यालाही यायला हवा. मी त्याला फोन केला, त्यानं ‘भरतो’ म्हटलं. आठवडा गेला, पुन्हा ‘भरतो’. मैत्रिणी म्हणाल्या, तू का भरायचास, कोर्टात लिहून दिलंय ना त्यानं. पण थकबाकी दोघांच्याही नावानं कळवली जाते. नव्वद दिवसांच्या वर गेलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीतकडे झुकलेलं कर्ज, आणि मग नवी बँक ते कर्ज घेईल ही आशाच सोडायची. शेवटी मी माझ्या खात्यातून भरला, पावती वकीलबाईंना पाठवली, आणि ते पैसे नुकसानभरपाईच्या कलमानं पुढे परत मिळाले. भांडण नंतर करता येतं, उशिराची नोंद मात्र लगेच होते.

झालीच ती. अहवालात प्रत्येक कर्जाखाली छत्तीस महिन्यांची चौकटींची रांग असते. वेळेवर भरलेल्या महिन्यात तीन शून्यं, उशीर झाला तर किती दिवस थकलं तो आकडा. माझ्या शून्यांच्या रांगेत एका चौकटीत ०२७ उभं आहे. ते काढून टाकण्यासाठी मी बँकेला पत्र लिहिलं, घटस्फोटाचं कारण दिलं. उत्तर आलं की नोंद खरी आहे, बदलता येणार नाही. नियमानं ते बरोबरच आहे. चुकीची माहिती दुरुस्त होते, खरी माहिती कुणाच्या परिस्थितीकडे बघून पुसली जात नाही. ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणून पैसे मागणारे फोन मला त्या काळात येत होते, त्यांना एक रुपयाही देऊ नका. हप्ते वेळेवर जात राहिले की जुनी चौकट मागे सरकत जाते, याला दुसरा उपाय नाही.

कर्ज हलवण्याच्या दिवशी पेच असा होता: नव्या बँकेला फ्लॅट आधी त्याच्या एकट्याच्या मालकीचा हवा होता, म्हणजे मी हक्कसोडपत्र नोंदवून द्यायचं. पण मी हक्क सोडला आणि जुनं कर्ज बंद झालं नाही तर? घर गेलेलं आणि कर्ज माझ्या नावावर, ही सगळ्यात वाईट अवस्था. त्याचा भाऊ समजावत होता, "वहिनी, एवढा तरी विश्वास ठेवा ना." मी त्याला म्हटलं, विश्वास आहे, पण हा कागदाचा प्रश्न आहे. तोडगा वकीलबाईंनी काढला. जुन्या बँकेकडून ना हरकत पत्र आणि फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र) घेतलं, त्यात त्या तारखेपर्यंतची रक्कम आणि पुढच्या प्रत्येक दिवसाचं व्याज लिहिलेलं होतं. दुय्यम निबंधक कार्यालयात नव्या बँकेचा माणूस जुन्या बँकेच्या नावाचा डीडी घेऊन आला. कर्जखात्याचा नंबर आणि रक्कम मी फोरक्लोजर लेटरशी ताडून बघितली, डीडीची झेरॉक्स घेतली, आणि मग हक्कसोडपत्रावर सही करून अंगठा दिला. तिथून सगळे मिळून थेट जुन्या बँकेत गेलो. डीडी जमा झाल्याची शिक्क्याची पोच हातात आल्यावरच मी घरी निघाले. पुढे ‘नो ड्यूज’ पत्र आलं. त्यावर दोघांची नावं आहेत का तेवढं बघून घ्या, आमच्या पहिल्या पत्रावर फक्त त्याचं होतं आणि ते बदलून घ्यावं लागलं.

दुसऱ्या अर्जाच्या सुनावणीला ही पत्रं जोडली. माझ्या पैशांचा डीडी त्याच दिवशी मिळाला आणि हुकूमनामा झाला.

त्यानंतर थोडं थांबून मी पुन्हा चारही अहवाल काढले. जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती निदान दर पंधरवड्याला कळवावी लागते. तरी एका कंपनीच्या अहवालात गृहकर्ज अजून चालू दिसत होतं, थकीत रकमेसकट. त्यांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली आणि बँकेलाही ‘नो ड्यूज’ पत्र जोडून मेल केला. अशी दुरुस्ती तीस दिवसांत व्हायला हवी, न झाल्यास तक्रारदाराला दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. मी मेलमध्ये तो नियम नम्रपणे नमूद केला. मुदतीच्या आत दुरुस्ती झाली. झाली नसती तर पुढची पायरी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची. २०२२ पासून या क्रेडिट माहिती कंपन्याही त्या योजनेत आहेत.

काही बारीक कामं राहिली होती. हुकूमनाम्यानं नॉमिनी आपोआप बदलत नाही, म्हणून मुदत ठेवी, पीएफ, विमा, म्युच्युअल फंड, एकेक करून सगळीकडे बदलून घेतले. पॅनवर लग्नानंतरचं आडनाव होतं, ते पुन्हा माहेरचं केलं आणि बँकेत कळवलं. पॅन नंबर तोच राहतो, त्यामुळे जुना इतिहास सोबत येतो, चांगला आणि वाईट दोन्ही.

आता माझ्या नावावर एकच क्रेडिट कार्ड आहे आणि त्याचं पूर्ण बिल दर महिन्याला खात्यातून जातं. स्वतःच्या छोट्या घरासाठी कर्जाची चौकशी सुरू केली तेव्हा बँकेच्या माणसानं अहवाल उघडून ०२७ वर बोट ठेवलं. मी ‘नो ड्यूज’ पत्र, हप्ता मी भरल्याची पावती आणि हुकूमनाम्याची प्रत त्याच्यासमोर ठेवली. त्यानं तिन्हींच्या झेरॉक्स काढून फाइलला लावल्या आणि पगाराच्या स्लिपा मागितल्या.